बायको त्रयस्थ, तपासनीस घरचा

मंडळी, आज दुपारी ताईला घेऊन शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. दाजी मागं डेंग्यूनं तिथंच वारले. विमा कंपनीनं दावा नाकारलाय. कारण काय, तर जुनी शुगर लपवली. पुरावा काय, तर दवाखान्यातले केसपेपर.

ते आम्हाला द्या म्हटलं, तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, "त्रयस्थाला देता येत नाहीत."

"मी बायको हाय त्यांची," ताई म्हणाली.

"कंपनीचं पत्र आणा."

कंपनीचा तपासनीस आरामात झेरॉक्स घेऊन गेला, तो घरचा. बायको मात्र त्रयस्थ. मी म्हटलं, देत नाही हे सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. मग कागद लगेच सापडले.

पहिल्याच पानावर होतं: "शुगर, बऱ्याच वर्षांपासून."

ताईनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "अरे, भरती करताना डॉक्टरनं 'कामाला कुठं' विचारलं, तवा ते 'शुगरला, बऱ्याच वर्षांपासून' म्हणले. मी तिथंच उभी होते."

आमच्या कन्नड तालुक्यात साखर कारखान्यात नोकरी असली की माणूस 'शुगरला' असतो. पुढच्याच पानावर रक्ताचा रिपोर्ट आहे, साखर नॉर्मल. पण पान उलटायचे कष्ट घेईल तो तपासनीस कसला.

कंपनीला फोन केला. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "मग ते कारखान्यात होते याचा दाखला आणा."

पॉलिसी यांच्याच एजंटनं कारखान्याच्या गेटवर विकली होती.

तर मंडळी, दवाखान्यात पूर्ण वाक्यात बोलत जा. आपल्या माघारी ते वाचणारे हे असे आहेत.