सरांचं सुडाचं वर्ष

आमचे चित्रकलेचे सर कुणी केलेला अपमान विसरत नसत. कोण काय बोललं, कुठे बोललं आणि बोलताना त्याच्या अंगात कोणत्या रंगाचा सदरा होता, हे सगळं त्यांना वर्षानुवर्षं आठवे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्यांना भर वर्गात 'रंगारी' म्हटलं होतं. त्याला बारा वर्षं उलटली तरी सर सांगत, "मोरपंखी सदरा. वरची गुंडी तुटलेली." त्या साहेबांचं चित्र ते दरवर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर काढत, तुटक्या गुंडीसकट, आणि पोरांना विचारत, "नाक बराबर आलं का?"

आखाडा बाळापुरात त्यांना चुनेवाले सर म्हणत. दुकानातल्या रंगांवर त्यांचा जीव बसला नाही. चुना, गेरू, कोळसा आणि धान्याची पोती उसवून ताणलेलं कापड, एवढ्यावर त्यांचं काम चाले. चित्रात माणूस ओळखू येईलच असं नसे. त्यांच्या एका पोत्यावर नुसत्या चुन्याच्या आडव्या रेघा होत्या, हाताच्या बोटांनी ओढलेल्या. चित्राचं नाव 'आई'. त्यांची आई रोज घर सारवायची, तिचा हात जसा फिरायचा तशा त्या रेघा. आम्हाला शाळेत ते खोडरबर वापरू देत नसत. "रेघ चुकली तर चुकली. तिला पुसून पळून जाऊ नको," म्हणत.

हिंगोली परभणीपासून वेगळी होऊन नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी शहरातल्या एका कलामंडळाने आधुनिक चित्रांचं प्रदर्शन भरवलं. मी तेव्हा बी.ए. होऊन तिथल्या एका वाचनालयात नोकरीला लागलो होतो. वाचनालयाचे अध्यक्ष तेच मंडळाचे अध्यक्ष, त्यामुळे प्रदर्शनाची धावपळ माझ्याकडे आली. सरांनी 'आई' पाठवली.

प्रमुख पाहुणे मुंबईचे नावाजलेले चित्रकार होते. त्यांच्या बुटांच्या टाचांना लोखंडी नाल होती; चालले की फरशी वाजायची. उद्घाटनाच्या सकाळी ते चित्रं बघत फिरले आणि सरांच्या चित्रापाशी थांबून म्हणाले, "हे पोतं इथे कोण विसरून गेलं?" सगळे हसले. मीही हसलो.

पाहुणे पुढे गेल्यावर अध्यक्षांनी मला हाक मारली. "बाहेर चिखल होऊन राहिला. ते पोतं दारात टाक, लोकांना पाय पुसायला."

पोत्याच्या कोपऱ्यावर सरांचं नाव होतं. मी ते वाचलं. अध्यक्षांकडे बघितलं. मग तो कोपरा आत दुमडला आणि पोतं दारात अंथरलं.

दुपारी सर आले, सोबत त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ठेवणीतलं लुगडं नेसून. तोवर उद्घाटनाला पुन्हा आलेल्या पाहुण्यांसकट साऱ्या हिंगोलीचे पाय त्या पोत्यावरून गेले होते. सर दारातच थांबले. त्यांनी चपला काढल्या, खाली बसले, पोतं उचललं. दुमडलेला कोपरा उलगडून नाव बघितलं. मग आत उभ्या असलेल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले, आणि माझ्यापाशी त्यांची नजर थांबली. पोतं काखोटीला मारून ते काकूंना घेऊन निघून गेले.

चार दिवसांनी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. पोतं भिंतीला ताणून लावलेलं होतं. चिखलाचे ठसे झडू नयेत म्हणून सर त्यावर डिंकाचं पाणी शिंपडत होते.

"घडी तू घातली," ते मागे न बघता म्हणाले. "शाळेत चित्राचा कागद तू असाच दुमडायचा."

मला रडू आलं. 

"रडून काय व्हते? मी माफ करत नसतो. कामाला लावतो. आता वर्षभर माझी प्रदर्शनं व्हतील. तू सामान उचलायचं, लोकांना माहिती सांगायची. पोतं दारात कुणी टाकलं असं कुणी पुसलं, तर ते बी सांगायचं."

पहिलं प्रदर्शन बाळापूरच्या विहारासमोर, बाजाराच्या दिवशी. दोन बांबूंमध्ये ते एकच पोतं. खाली माझ्या अक्षरात पाटी: 'आई आणि मान्यवर'. त्याखाली, ज्या ज्या मोठ्या माणसांनी पाय पुसले त्यांची नावं, पत्रिकेत छापतात तशी मानाच्या क्रमाने.

भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी थांबली. "हे काय टांगून ठेवलं, मास्तर?"

"माझा अपमान हाय, मावशी."

"असं व्हय. मग कडंला काहून? मधी घ्या की, दिसू द्या." आम्ही बांबू उपटून मध्ये रोवले. हे आईचं चित्र आहे आणि पाय पुसायला दारात पडलं होतं, हे मी तिला सांगितलं. तिने ठसे नीट बघितले आणि विचारलं, "दारात कुणी टाकलं?"

सर माझ्याकडे बघत राहिले.

"मी टाकलं, मावशी."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुला माय न्हाई का?" एवढंच म्हणून ती गेली. त्या दिवशी तो प्रश्न मला आणखी तिघांनी विचारला.

मग वर्षभर आम्ही हिंडलो. डोंगरकडा गावात केळी ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये सरांनी सत्काराचे हार लावले. मंडळाचा कार्यक्रम संपला की हार मागेच पडून राहत. मी ते गोळा करून आणत होतो. वाळून कडक झालेले हार, प्रत्येकाखाली ज्याच्या गळ्यात पडला त्याचं नाव. शिरड शहापूरला त्यांनी एक मोठी खुर्ची कडब्याने मढवून पाराजवळ ठेवली आणि 'अध्यक्षांसाठी राखीव' अशी पाटी लावली. दुपारपर्यंत शेरडांनी ती खाऊन टाकली. लोक पोट धरून हसत होते. सर मात्र हसले नाहीत. वहीत कोणत्या शेरडाने कुठून खायला सुरुवात केली त्याची चित्रं काढत बसले.

खुर्चीची बातमी हिंगोलीला पोचली आणि माझी नोकरी गेली. मी सरांना सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता सुट्टी मागायची तकलीफ न्हाई."

मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवसापासून काकू सरांच्या डब्यासोबत माझाही डबा बांधू लागल्या, आणि त्यात सरांचा हात असणार हे मला कळत होतं. कारण काकू माझ्याशी वर्षभर एक शब्दही बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी मंडळाचं प्रदर्शन पुन्हा भरलं, पाहुणे तेच. सरांनी आपलं पोतं फाटकाबाहेर, रस्त्याकडेच्या भिंतीवर लावलं. या वेळी पाटी नव्हती. पाहुणे गाडीतून उतरले आणि पोत्यासमोर थबकले. जवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. अध्यक्ष हार घेऊन ताटकळत उभे.

"विलक्षण!" पाहुणे म्हणाले. "हे चुन्याचे हात आणि वरून हा चिखल... कुणाचं काम आहे? मी हे मुंबईला नेतो. लोक वेडे होतील."

सर पुढे झाले. "साहेब, जरा बूट काढता का?"

पाहुण्यांना वाटलं, इकडची काही रीत असेल. त्यांनी हसत बूट काढून दिला. सरांनी तो घेतला, पोत्याच्या मधोमध उमटलेल्या एका ठशावर टाच टेकवली. नाल नालेवर चपखल बसली.

"बराबर आला," सर म्हणाले. "ही माझी आई. गेल्या साली तुमी हिच्यावर पाय पुसून आत गेले."

रस्त्यावर पन्नासेक माणसं उभी होती. अध्यक्षांच्या हातातला हार खाली लोंबत होता. पाहुण्यांचा चेहरा उतरला. पण माणूस वाईट नसावा. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, अशा अवस्थेत त्यांनी हात जोडले. "चुकलो मी. तरी मला द्या. मुंबईत मी स्वतः लावतो, सगळं खरं सांगतो."

"न्हाई. पायाखाली घेतलं तेवढं बस झालं. डोक्यावर घ्यायची तकलीफ करू नका."

परतताना एस.टी.त मी त्यांच्याशी भांडलो. "सर, तुमचं नाव झालं असतं! उभा जन्म गेला यात तुमचा."

"नाव करायला मी हे केलंच न्हाई," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्याला नुसत्या मोज्यावर रस्त्यात उभं करायला केलं." थोड्या वेळाने म्हणाले, "बाईच्या कष्टाला चित्र म्हणलं की वा वा, आन् पोतं म्हणलं की पाय. एक डाव तरी कुणी लाजावं का न्हाई?"

त्यानंतर त्यांनी कुठेही प्रदर्शन भरवलं नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांत अर्धांगवायूने उजवा हात गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. शेवटच्या भेटीत मी विचारलं, "सर, आता तरी माफ केलं का?" त्यांनी डोकं हलवलं. नाही. मग डाव्या हाताने कोपऱ्यातल्या चित्रांच्या गाठोड्याकडे बोट केलं आणि मला म्हणाले, "उचल."

ते गाठोडं आता माझ्याकडे, बाळापुरात, माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या माळ्यावर आहे. मंडळाने नवं कलादालन बांधलं, त्याला सरांचं नाव द्यायचं ठरवलं. चित्रं मागायला म्हातारे अध्यक्ष काठी टेकत स्वतः आले. मी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि नाही म्हणालो. ते उठून जायला निघाले तेव्हा मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो आणि अगदी मनापासून म्हणालो, पुन्हा या. मला त्यांना अजून एकदा नाही म्हणायचं होतं.