शेठजींचा हात

लहरीपुऱ्यातल्या एका कापडाच्या दुकानात, गादीच्या वर, शेठजींचं तैलचित्र टांगलंय. ते मी काढलं. चेहरा त्यांचा आहे, हात त्यांचा नाही. वीस वर्षं हे कुणाला बोललो नाही.

तेव्हा शेठजी दुपारी दुकानातच माझ्यासमोर तासभर बसत. चेहरा जमला, हात काही केल्या जमेना. कारेलीबागेत घरी माझ्याकडे जुन्या अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांच्या चित्रांचं एक पुस्तक होतं. राजे नव्हेत, सरदार नव्हेत, मालाची ने-आण करणारी माणसं. पण बसलीत काय थाटात! त्यातल्या एकाचा टेबलावर टेकलेला हात मी उचलला. बाहीची झालर काढली, रंग सावळा केला, झालं.

चित्र पाहून घरचे सगळे खूश. शेठजींनी मात्र आपला हात चित्रापुढे धरला.

"भाऊ, आ हाथे तो कोई दिवस ताको उपाड्यो नथी." या हातानं कधी तागाच उचललेला नाही!

"तुमचाच आहे, काका. उजेडाचा फरक."

"तो भले," असू दे म्हणत ते हसले, आणि ताग्यांनी चपटा झालेला आपला अंगठा त्यांनी हळूच मुठीत मिटून घेतला. ते मला अजून दिसतं.

यंदा मुलीकडे अमेरिकेत गेलो, तर संग्रहालयात पुस्तकातलं तेच चित्र समोर. मी जागीच थांबलो. छापील पानावर गुळगुळीत दिसलेल्या त्या हाताच्या नखात शाईची रेघ होती, बोटांवर शिरा होत्या, आणि टेबलाच्या पॉलिशमध्ये तीच बोटं पुन्हा उमटली होती. अंगात सैल रेशमी झगा. त्या झग्याला तिकडे 'बनियन' हे नाव पडलं ते आपल्या वाण्यांवरून, असं पाटीवर लिहिलेलं. किती दिवस नुसतं पाहत बसला असेल तो चित्रकार!

"बाबा, चला ना, अजून दोन मजले राहिलेत," मुलगी म्हणत होती. मला हलवेना.

परत आल्यावर दुकानात गेलो. शेठजी आता नाहीत. त्यांच्या मुलाला सगळं सांगून टाकलं. त्यानं वर चित्राकडे पाहिलं.

"एटले बा रोज सकाळी त्या गोऱ्याच्या पाया पडते?" बा म्हणजे त्याची आई.

त्यानं आपला हात माझ्यापुढे केला. तसाच चपटा अंगठा.

"चित्रात हा घाला, भाऊ. पण सीझन आहे, बसायला टाइम नाही."

"बसू नका," म्हटलं.

आता रोज दुपारी कोपऱ्यातल्या स्टुलावर त्याचा हात पाहत मी असतो. गिऱ्हाईक आलं की तो हात तागा उलगडत लांब जातो. परत येईपर्यंत मी थांबतो. रंग अजून उघडलेले नाहीत.