दुसऱ्या मात्रेवरचा चमचा

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, दुपारचे चार वाजत आलेले. रक्कम — एक लाख तीस हजार आठशे रुपये. घरात हजर — मी, माझे वडील आणि त्यांना सांभाळणाऱ्या लताबाई. ही रक्कम त्या दिवशी कुणी उच्चारली नाही, कुठे लिहिली नाही. ती फक्त माझ्या डोक्यात होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलेलं आहे.

मी गूढ, अतर्क्य गोष्टी मानणारा माणूस नाही. वर्ध्यात एका जिनिंग फॅक्टरीत हिशेब पाहतो. या सदरात वाचकांचे असे अनुभव वाचतो, तेव्हा बहुतेकांत कुठेतरी बेरीज चुकलेली दिसते. माझ्या अनुभवात ती चूक सापडली तर जरूर कळवा. मला तेच हवं आहे.

मला एक छंद आहे. मी जॅझ पियानो वाजवतो... म्हणजे वाजवायचा प्रयत्न करतो. नोकरीच्या सुरुवातीला दोन वर्षं नागपुरात होतो. मी राहायचो त्या खोलीखाली रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. त्यांच्याकडे जुना पियानो होता. संध्याकाळी मी पायरीवर बसून ऐकायचो. एक दिवस त्यांनी आत बोलावलं. तेवढीच माझी शिकवणी. लग्न, मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते यांत पुढची पंचवीस वर्षं बोटं कॅल्क्युलेटरवरच चालली. मुलगा नोकरीला लागल्यावर मी एक जुना डिजिटल पियानो घेतला, हेडफोनवर वाजवता येणारा.

हेडफोन का, तर आमचं घर रस्त्यावर आहे. हंगामात कापसाच्या गाड्या, एरवी ऑटोंचे हॉर्न, लग्नसराईत समोरच्या मंगल कार्यालयाचा डीजे. हेडफोन लावले की वर्धा बंद. आठवड्यातला तो एक तास मी कुणाचा नवरा नसतो, कुणाचा अकाउंटंट नसतो. आणि माझ्या वाजवण्याचा त्रासही कुणाला होत नाही. बाबा आजारी होऊन आमच्याकडे आल्यावर तर मी सगळ्यांना हेच सांगायचो — त्यांना त्रास नको. खरं कारण वेगळं होतं. हेडफोन लावले की त्यांचं कण्हणं ऐकू येत नसे.

वडनेरला बाबांची पिठाची चक्की होती. चाळीस वर्षं त्या पट्ट्याच्या आवाजात उभं राहून त्यांचे कान जवळजवळ गेलेच होते. शेजारी बसून ओरडावं लागे. तरी गावच्या भजनी मंडळात खंजिरी त्यांचीच. ऐकू कमी यायचं, पण ताल सुटायचा नाही. म्हणायचे, ‘जमिनीतून येते मले.’

मी पियानो घेतला तेव्हा ते धडधाकट होते. वर्ध्याला आले असताना मी हौसेने स्पीकरवर मोठ्याने वाजवून दाखवलं. जॅझमध्ये टाळी पहिल्या मात्रेवर पडत नाही. दुसरीवर आणि चौथीवर पडते. बाबांनी जरा वेळ पियानोच्या लाकडावर हात ठेवला आणि हात झटकला.

‘वसंता, तुहा ताल उलटा हाये. जिथं टाळी पायजे तिथं तू झोपून राह्यला, अन् बाकीचे झोपले का तू टाळ्या पिटून राह्यला.’

मी म्हणालो, ‘बाबा, हे असंच असते.’

‘असन. पन असं वाजवलं तं आमच्या मंडळात तुले चहा बी नाई भेटनार.’

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं पूर्ण गेलं. डावा हात तेवढा राहिला. त्यांना आम्ही वर्ध्याला आणलं, मागच्या खोलीत पलंग टाकला. पियानो समोरच्या खोलीत. मधे स्वयंपाकघर आणि दोन दारं.

डिसेंबरात एके दिवशी लताबाई म्हणाल्या, ‘भाऊ, एक सांगू? हासू नका. तुमी तिकडं वाजवाले बसले का बाबा इकडं चमचा घेते.’

‘चमचा?’

‘जेवनाचा. पलंगाच्या दांडीवर टन... टन... करत राह्यते. तुमी उठले का ठेवून देते.’

‘अहो, मी हेडफोनवर वाजवतो. आवाज माझ्याशिवाय कोणालाच येत नाही.’

‘मले बी नाई येत. मी म्हनलं मीच बहिरी झाली, बाबाच्या संगतीनं.’

मी तपासायचं ठरवलं. बायकोला, सुनंदाला, बाबांच्या खोलीत उभं केलं आणि तिचा फोन सुरू ठेवायला सांगितला. माझा फोन स्पीकरवर टाकून पियानोवर ठेवला, हेडफोन एकाच कानाला लावला. वाजवायला लागलो. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला फोनमधून चमचा ऐकू आला. दुसरी मात्रा, चौथी मात्रा. अगदी जागेवर. ज्या माणसाने जन्मभर समेवर थाप दिली, माझ्या ‘उलट्या’ तालाची टिंगल केली, तो माणूस ठेका उलटा धरत होता.

मग वाटलं, पट्ट्या दाबल्याचा धक्का जमिनीतून जात असेल. म्हणून पुढच्या रविवारी पियानोचं बटणच लावलं नाही. हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून मनातल्या मनात वाजवलं.

फोनमध्ये चमचा सुरू झाला.

मी मनातली लय कमी केली. चमचा हळू झाला. मी मधेच थांबलो... चमचा थांबला. सुनंदा दारात येऊन उभी राहिली. ‘तुम्ही काय करून राह्यले हो? हात तं मांडीवर आहेत.’

‘काही नाही,’ मी म्हणालो.

मला भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. मला आनंद झाला. पन्नाशी उलटल्यावर मला पहिल्यांदाच साथीदार मिळाला होता, आणि तो माझा बाप होता. जानेवारीभर आम्ही असे वाजवत राहिलो — मी समोरच्या खोलीत, ते मागच्या. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, योगायोग असतो, घरचे लोक अर्थ लावतात. मीही तसंच म्हणालो असतो.

आता तो रविवार. सुनंदा माहेरी गेली होती. सकाळी मी महिन्याची बिलं भरली होती आणि ते आकडे डोक्यातून जात नव्हते. पियानोसमोर बसलो, हेडफोन लावले, पट्ट्यांवर हातही ठेवले. पण आत संगीत नव्हतं, बेरीज होती. लताबाई नऊ हजार. फिजिओ सहा. औषधं चार हजार तीनशे. डायपर आणि बाकी अडीच. एकूण एकवीस हजार आठशे. असंच अजून दोन वर्षं चाललं तर पाच लाख तेवीस हजार दोनशे. आणि मग, हिशेबाच्या सवयीने म्हणा, मी दुसरा आकडाही काढला. बाबा सहाच महिने असले तर? एक लाख तीस हजार आठशे.

तो आकडा आला आणि मला हलकं वाटलं. खांदे सैल झाले, इतकं हलकं.

तेवढ्यात लताबाई धावत आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘भाऊ, चला लवकर. बाबा बोलले.’

मी मागच्या खोलीत गेलो. चमचा खाली फरशीवर पडला होता. बाबा माझ्याकडे पाहत होते. तोंड वाकडं झालं, गळ्यातून घरघर आली, आणि दोन शब्द बाहेर पडले.

‘किती... झाले?’

दीड वर्षानंतरचे पहिले शब्द. लताबाईंनी सुनंदाला फोन लावला, सुनंदाने मुलाला, मुलाने वडनेरच्या काकांना. संध्याकाळपर्यंत घरी पेढे आले. कुणी म्हणे ते वाजले किती विचारत असतील, कुणी म्हणे वय विचारताहेत. लताबाईंची पैज होती की दुपारी केळी किती खाल्ली ते विचारून राह्यले. सगळे हसत होते. मी मात्र पेढा बाजूला ठेवला.

कारण त्या शब्दांचा अर्थ मला माहीत होता. आमच्या चक्कीवर दळणाचे पैसे कधी मागितले जात नसत. बाबांना ते आवडायचं नाही. डबा भरला की गिऱ्हाइकाने स्वतः विचारायचं — किती झाले? मग बाबा आकडा सांगायचे. लहानपणी मी हे दोन शब्द दिवसातून शंभरदा ऐकले असतील, पण नेहमी समोरच्याकडून. बाबांच्या तोंडून कधीच नाही.

त्यानंतर चमचा वाजला नाही. मी हेडफोन काढून टाकले. पियानो त्यांच्या खोलीत नेला, पलंगाला टेकवून ठेवला, मोठ्याने वाजवला, त्यांचा डावा हात लाकडावर ठेवला. ते ऐकत होते की नाही, मला सांगता येणार नाही. मी खोलीत शिरलो की मात्र तेच विचारत, ‘किती झाले?’

मी रोज म्हणायचो, ‘काही नाही झाले, बाबा.’

ते मान हलवत. नाही.

मनातही सांगून पाहिलं. समोर बसून, डोळे मिटून, मनातल्या मनात म्हणालो — मला तसं म्हणायचं नव्हतं. चांगला तासभर म्हणत राहिलो. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तो आकडा ऐकू जातो, मग हे का जात नाही?

एप्रिलच्या शेवटी त्यांचं खाणं सुटलं. एका सकाळी लताबाई म्हणाल्या, ‘बाबानं मले खुनावलं. वडनेरवरून आनलेली बंडी काढाले लावली, आतल्या खिशाची. काऊन ते मले समजलं नाई.’

बंडी त्यांच्या छातीवर होती. डाव्या हातात घड्या पडलेल्या नोटा. हात माझ्याकडे धरलेला.

‘भाऊ, घ्या ना,’ लताबाई म्हणाल्या. ‘हात दुखते त्याईचा. नातवाले खाऊ देत असन.’

मी नाही म्हणालो. हात खाली जाईना. मी पुन्हा नाही म्हणालो. शेवटी मी नोटा घेतल्या, तेव्हा हात पलंगावर टेकला. त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही. चार दिवसांनी ते गेले.

चमच्याच्या आवाजाचा, त्या दोन शब्दांचा खुलासा मला आजतागायत झालेला नाही. लताबाईंचे, फिजिओचे, औषधवाल्याचे सगळे पैसे मी चुकते केले. त्यांत काही विशेष नाही. विशेष एवढंच, की अकराशे पन्नास रुपये दिले गेले. देणारे — माझे वडील. घेणारा — मी.