वरच्या पातळीवर कोणी नाही

सुरतच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी नियंत्रणशास्त्र शिकवते. माझ्या प्रबंधाचं नाव ‘अरेषीय गतिक प्रणालींच्या इष्टतम नियंत्रणाच्या श्रेणीबद्ध पद्धती’. ते पहिल्यांदा ऐकून माझे वडील, आबा, म्हणाले होते, “हाई नाव लेता लेता चहा थंडा हुई जास.” पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवण्यात, त्यांचं आयुष्य गेलं. मी सोपं करून सांगितलं: मोठं, गुंतागुंतीचं यंत्र एका दमात सांभाळता येत नाही, म्हणून त्याचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा आपल्यापुरतं उत्तम उत्तर काढतो. ती उत्तरं एकमेकांशी भांडतात. मग वरच्या पातळीवर एक समन्वयक बसवायचा. तो खाली निरोप पाठवतो, आलेली उत्तरं पाहतो, निरोप बदलतो. भांडण मिटेपर्यंत हेच चालतं.

“म्हंजे भांडन मिटाडाना धंदा,” आबा म्हणाले आणि खूश झाले.

यंदा आबांचं हृदय थकलं आणि पाठोपाठ किडन्याही. इस्पितळात सकाळी हृदयाचे डॉक्टर येत. फुप्फुसात पाणी साचतंय, पिण्याचं पाणी कमी करा, लघवीची गोळी वाढवा. दुपारी किडनीचे डॉक्टर येत. या गोळीने किडन्या सुकतायत, ती थांबवा, पाणी पिऊ द्या. दोघेही हुशार, दोघांचंही आपापल्यापुरतं बरोबर. कोणी चुकत असता तर निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

“तुम्ही दोघं एकदा बोलाल का?” मी दोघांनाही विचारलं. हृदयवाले म्हणाले, फाईलमध्ये लिहिलंय. किडनीवालेही तेच म्हणाले, पण जाता जाता दारात थांबले. “बेन, ए तो हवे घरवाळाए नक्की करवानुं.” घरच्यांनी ठरवायचं, म्हणजे मी. वरची पातळी इतके दिवस रिकामीच होती आणि आता तिथे मला बसवलं होतं.

इतकी वर्षं शिकवलेलं सगळं मला त्या खुर्चीत आठवत होतं आणि त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. कागदावर चुकीचा निरोप खाली गेला तरी बिघडत नाही, पुढच्या फेरीत सुधारतो. इथे प्रत्येक फेरी आबांच्या अंगावर होणार होती. शिवाय प्रणाली अरेषीय. काल अर्धा पेला पाणी पचलं म्हणून आज पचेल याची खात्री नाही. मला रडू येत होतं आणि स्वतःच्या पदवीचा संताप येत होता.

“माय, तीस लागनी. घोटभर पानी दे ना,” आबा म्हणाले. ओठांची सालं निघत होती.

“आबा, एक डॉक्टर हो म्हणतात, एक नाही म्हणतात.”

“मंग तू मिटाड ना. तुन्हा तं तोच धंदा शे.” ते थट्टा करत होते. मला ती सहन झाली नाही.

मी बमरोलीच्या घरून आणलेला स्टीलचा पेला अर्धा भरला, त्यांची मान उचलून धरली आणि पाजला. ते सगळं प्यायले. मग मी त्यांच्या पावलावरची सूज बोटाने दाबून बघत बसले. बोट काढलं तरी खड्डा भरून येत नव्हता.

संध्याकाळी श्वास लागला. ऑक्सिजनचा मास्क आला, हृदयाचे डॉक्टर धावत आले. त्यांनी पेला पाहिला. “पानी किसने दिया?”

मी तोंड उघडायच्या आत आबांनी डाव्या हाताने मास्क सरकवला. धापा टाकत म्हणाले, “हिनी नही दिधं. मी मन्हा हाते लिधं.”

डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो इंजेक्शनच्या सुईसाठी पट्टीला बांधलेला होता. डावा मास्कवरून निसटून गादीवर पडला होता. पेला पलीकडच्या खिडकीत होता.  त्यांनी मास्क नीट बसवला, फाईलमध्ये ‘पाणी बंद’ असं लिहिलं आणि ती माझ्या हातात दिली.