भाठ्यावरचा गुलाब

उजवा हात खांद्याच्या वर, मूठ घट्ट आवळलेली आणि तोंडात एकच शब्द, "धर!" शेजारच्या क्वार्टरमधले भाऊजी आठवले की मला असेच आठवतात.

भाऊजी खलाशी होते. खलाशी म्हटल्यावर तुम्हाला जहाज आठवेल. मलाही आठवलं होतं. लग्न होऊन भिलाईत आले तेव्हा मी यांना विचारलं, "इथं कुठं आला समुद्र?" तर हे पोट धरून हसले. पोलादाचा कारखाना उभा राहत होता ते दिवस. क्रेनला लटकवलेला अवजड माल हातवारे करून जागेवर बसवणाऱ्यांना तिथं खलाशी म्हणत. त्या गोंगाटात बोललेलं ऐकू जायचं नाही, म्हणून सगळं बोलणं हातांचं. बोट वर फिरवलं की 'हबीस', माल उचल. पंजा खाली हलवला की 'आरिया', माल उतरव. आणि मूठ वर गेली की धर, आहे तिथं थांब. त्या मुठीचा एक कायदा होता. ज्यानं ती वर केली त्यानंच खाली आणायची. तोवर कोणी हलायचं नाही.

ही सवय भाऊजींना घरीही सोडायची नाही. एकदा मी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवत होते, तर त्यांचा पंजा आपोआप खाली हलायला लागला. "आरिया, आरिया..."

मी म्हटलं, "भाऊजी, कप हाये हा. गर्डर नाही."

"सांडते तं कपबी सांडते ना, वहिनी," ते म्हणाले.

मी काटोलकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. भिलाईत पाऊल ठेवलं आणि जीव उडाला. जिकडे बघावं तिकडे लाल मुरूम. क्वार्टरच्या ओळी नव्याकोऱ्या, आणि त्यांच्यामध्ये झाड म्हणून शपथेला नाही. पुढच्या ओळीचं बांधकाम चालू होतं, तिथं विटा वाहायला कुरुद गावची एक रेजा, म्हणजे मजूर बाई, यायची. पाणी प्यायला माझ्या दारात थांबायची. मी अंगणात कोथिंबीर पेरताना पाहून ती म्हणाली, "ये तो भाठा आय बाई, इहां कुछु नइ होवय." भाठा म्हणजे अशीच मुरमाड, काही न उगवता नुसती पडून असलेली जमीन. कोथिंबीर अर्थातच आली नाही. मी रोज सकाळी यांच्यामागे लागायची, "माझं काटोलचं तिकीट काढा."

भाऊजींची बायको तर माझ्याही पुढची निघाली. ती आमगावकडची. उन्हाळ्यात तान्ह्या पोरीला घेऊन आली, आठ दिवस राहिली. रोज दुपारी वावटळ उठायची आणि पोरीच्या पाळण्यात लाल धुळीचा थर बसायचा. नवव्या दिवशी तिनं ट्रंक भरली. दारात उभं राहून तिनं जे सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "माह्या बापाच्या आंगणात गुलाब हाये. त्याचं फूल इथं फुललं तं मी येतो. जिथं झाड जगत नाही तिथं मी पोरगी कशी जगवू?"

ती रागानं बोलली नव्हती, हेच वाईट. भाऊजींनी ट्रंक उचलली. स्टेशनवर पोचवून आले आणि रिकाम्या पाळण्याशेजारी जेवायला बसले.

पाऊस लागताच ते सासरी जाऊन गुलाबाच्या चार फांद्या घेऊन आले. रविवारी त्यांनी खड्डा खणला. काय सांगू तुम्हाला तो खड्डा! ओळंबा लावून घेतलेल्या चारी बाजू, तळ सपाट. फांद्या आत ठेवल्या, माती लोटली आणि घरातून चक्क दुरमुस आणून धाडधाड ठोकायला लागले. घामानं निथळत होते. मी कुंपणावरून ओरडले, "भाऊजी, हे कावून करून राहिले?"

"पाया भरून राहिलो, वहिनी. सायेब रोज सांगते, पाया हलला का सारं गेलं."

दिवसभर भट्ट्यांचे पाये भरताना बघणारा माणूस, तो दुसरं काय करणार? मी तिथंच बसून हसले. त्या ठोकलेल्या मातीत पाणी तुंबलं आणि पंधरा दिवसांत चारी फांद्या काळ्या पडल्या. मग मात्र मला हसल्याची लाज वाटली. कारण त्या फांद्या उपटून हातात घेऊन हा आडदांड माणूस ओट्यावर नुसता बसून होता.

"ते फाउंडेशन नाही, भाऊजी," मी म्हटलं. "मुळाले श्वास पायजे."

"मले कोणं सांगितलंच नाही हे," ते म्हणाले.

तेव्हापासून मी मास्तरीण झाले. बाबा संत्र्याची कलमं बांधायचे ते मी लहानपणापासून पाहिलेलं. आधी चिवट रानटी रोप, तो खुंट. त्याच्या सालीला उभी-आडवी चीर द्यायची, चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब, काढून आत सरकवायचा, बांधून टाकायचा. संत्र्याला चालतं ते गुलाबाला का चालू नये? भाऊजींनी कुठल्याशा बंगल्याच्या कुंपणातून रानगुलाबाच्या तीन काड्या आणल्या. खड्डा पुन्हा उकरला. रेजेनं आपल्या शेतातली काळी माती आणून दिली. शेणखत घातलं, दुरमुस मी माझ्या घरात लपवून ठेवला. त्या पावसात तिन्ही काड्यांनी मूळ धरलं.

थंडीत ते पुन्हा आमगावला गेले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून सासरच्या गुलाबाच्या डहाळ्या घेऊन आले. डोळे मी काढले, चिरा त्यांनी दिल्या. तांदळाच्या कणीएवढा एकेक डोळा. पोलादाच्या तुळया बसवणारी ती जाडजूड बोटं, आणि भाऊजी श्वास रोखून म्हणत होते, "आरिया... आरिया... धर." केळीच्या सोपटानं बांधलं. तीन खुंट, तीन डोळे.

दोन काळे पडले. एक हिरवा राहिला.

आणि त्या एकाचा खुंट असा काही फोफावला की विचारू नका. कमरेइतका झाला, पानापानानं भरला. भाऊजी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. मला सांगावं लागलं, "हे सारं रानटी हाये, भाऊजी. तुमचा गुलाब तो खालचा डोळा. वरचं सगळं कापा, नाही तं त्याले काहीच मिळणार नाही."

"सारं?"

"सारं."

त्यांनी कोयता घेतला, खाली ठेवला. पुन्हा घेतला. "अन् थो डोळा मेला तं?"

"तं गेलं," मी म्हटलं. माझा स्वभावच तसा, गोड बोलता येत नाही.

यांनी मला आधी एकदा कामावरची गोष्ट सांगितली होती. उंच चिमणीचा भलामोठा तुकडा हवेत, आणि एकाएकी वारा सुटला. खाली माणसं. क्रेनवाल्याची नजर भाऊजींवर. भाऊजींनी मूठ वर केली आणि वारा पडेपर्यंत ती जागची हलली नाही. हे नकाशे काढणारे, रोज कारखाना बघणारे, पण त्या संध्याकाळी यांना जेवण गेलं नाही. "अगं, हात असा नुसता खांबासारखा," एवढंच म्हणत राहिले. त्याच हाताला त्या दिवशी माझ्यासमोर साधा कोयता उचलवत नव्हता. मग भाऊजींनी डोळे मिटले आणि एका घावात सगळी हिरवळ उतरवली. जमिनीवर बोटभर थुटूक उरलं, आणि त्यावर ती कणी.

त्या थुटकापुढे त्यांनी मूठ वर केली. "धर," म्हणाले.

मी घरात निघून गेले. हसूही येईना आणि तिथं उभंही राहवेना.

उन्हाळा आला. नळाला पाणी यायचं थोडं. भाऊजींनी काय करावं? फळी टाकून गुलाबाशेजारी आंघोळ सुरू केली. साबणाचं पाणी मुळाला नको म्हणून साबण सोडला. आंघोळ ते करायचे, न्हायचा गुलाब. मे महिन्यात त्यांच्या जवळून वारा आला की मी पदर नाकाला लावायची आणि तसं तोंडावर सांगायची. ते हसायचे. गोणपाट ओलं करून दुपारची सावली करायचे. कारखान्याची धूळ पानांवर बसायची, तर ड्युटीवरून आले की ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचे, आधी वरून, मग खालून. आमच्या ओळीत लोक त्यांना वेडे म्हणायचे. मी पण म्हणायची. पण एक दिवस ते ड्युटीवर अडकले आणि अंग भाजणारी लू सुटली, तेव्हा गोणपाट भिजवायला कोण धावलं? मीच. आपलं प्यायचं पाणी ओतलं मी त्यावर. आणि त्या दिवसापासून मी तिकिटाचं बोललेच नाही, हे यांनीच मला पुढे कधीतरी सांगितलं.

पावसाळ्यात फांदी वर आली. थंडी पडली आणि कळी धरली. भिलाईच्या भाठ्यावर गुलाबी रंगाचं टोक! रेजा पाटी खाली ठेवून बघत राहिली. "दाई वो," एवढंच म्हणाली, म्हणजे 'आई गं'.

आता नवीनच घोर. कळी उमलायला आली आणि कामावर मोठा माल चढायचा होता, भाऊजींना सुट्टी नाही. फूल तोडून न्यावं, तर इथंच फुललं याला पुरावा काय? पत्र टाकावं, तर ते पोचेतोवर पाकळ्या गळतील. भाऊजी दारात आले, चेहरा एवढासा. "वहिनी, वर्षभर धरलं. आता चार दिसासाठी हातचं जाते का?"

मी चपला घातल्या. "मी जातो आमगावले."

दुर्गवरून पॅसेंजर पकडली, पुढे बैलगाडी. ती अंगणात धान पाखडत होती. पोरगी आता चालायला लागली होती. मी सांगितलं, तर हातातलं सूप तसंच राहिलं. "खोटं तं नाही बोलून राहिल्या ना, बाई?"

"खोटं बोलाले मी एवढे धक्के खात येईन का?"

तिनं थोडा वेळ आपल्या बापाच्या गुलाबाकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "वास येते का त्याले?"

"आंगणभर," मी म्हटलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ती आत ट्रंक भरायला गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना आम्ही पोचलो. रिक्षातूनच दिसलं. वारा सुटला होता. फूल पूर्ण उमलून मागे वळलेलं, बाहेरच्या पाकळ्या लोंबलेल्या. आणि ड्युटीच्या कपड्यांतच भाऊजी त्याच्यापुढे उभे, मूठ वर. किती वेळ उभे होते देव जाणे. आम्ही आलेलंही त्यांना कळलं नाही.

ती पोरीला कडेवर घेऊन गेली. फुलाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग मोकळ्या हातानं ती मूठ धरली आणि हळूहळू खाली आणली. "टाका आता खाली. आली ना मी."

पोरीनं हात लावला आणि फूल तिच्या हातात गळलं. मी तिथं उभी राहून घळाघळा रडले, आणि मला कशाचीही लाज वाटली नाही. माणूस एवढं करू शकतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. नंतरही फार पाहिलं नाही.

ते आमच्या शेजारी आणखी काही वर्षं राहिले. त्या एका झाडाचे डोळे बांधता बांधता आमची अख्खी ओळ गुलाबाची झाली. पुढे उभारणी संपली. कारखाना चालवणारे राहिले, उभा करणारे निघाले. दूर दुसरा कारखाना उभा राहायचा होता, भाऊजींना तिकडचं बोलावणं आलं. मी म्हटलं, झाड मुळासकट काढून न्या.

"नोका हलवू," ते म्हणाले. "थ्या गुलाबाचं मूळ आता इथलं झालं, वहिनी. तुमी पाहा त्याले."

दुर्ग स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो. बायको पोरीला घेऊन खिडकीत, भाऊजी दारात. गाडी हलली, इंजिनानं शिट्टी घातली. ते काहीतरी ओरडले, मला ऐकू आलं नाही. मग त्यांचा उजवा हात वर गेला. मूठ. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती तशीच होती.

दोन पत्रं आली, तिसरं आलं नाही. यांची नोकरी संपली तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. भिलाईतच, रिसालीत घर बांधलं, आणि विटा यायच्या आधी मी खुंट लावला. डोळा त्याच झाडाचा. हे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दिवाळीआधी छाटणी मीच करते.

मुलगा रायपूरहून येतो, दर वेळी चिडतो. "मां, यहां अकेली क्या करती है? काय आहे आता भिलाईत? चल ना माझ्याकडे."

मी त्याला चहा देते. त्याला सांगितलं तर हसेल. ज्यानं मूठ वर केली, तो ती खाली आणायला आलेला नाही. मला हलता येत नाही.