वैशाखऱ्याचा बंद पाठ

नाशिकहून सकाळची एसटी धरली तेव्हा पिशवीत दोनच महत्त्वाच्या गोष्टी होत्या, बेसनाच्या लाडवांचा डबा आणि शाळेच्या प्रवेशाचा अर्ज. लाडू केदारसाठी होते. अर्ज त्याला परत आणायचं ठरलं तर लागणार होता. आमच्याकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी त्याची जागा सोमवारपर्यंत राखून ठेवली होती आणि आज शुक्रवार होता.

केदार आमचा मुलगा, अकरा वर्षांचा. बोलताना अडखळतो. वर्गात वाचायला उभा राहिला की मुलं नक्कल करायची, मग त्यानं हळूहळू बोलणंच सोडलं. घरी त्याची वाक्यं मीच पुरी करायची, कारण वाट बघणं मला जमत नाही. गेल्या वर्षी मुंजीत मात्र तो गुरुजींच्या मागोमाग मंत्र म्हणाला, एकदाही न अडखळता. वैशाखऱ्याजवळ निवासी वेदपाठशाळा नव्यानं सुरू झाल्याचं तिथंच कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी केदारनं वहीत लिहून दाखवलं, 'मला तिथे जायचं आहे.' ह्यांनी लगेच होकार दिला. मी दिला नाही, पण अडवलंही नाही.

नव्या मुलांनी पहिले सहा महिने घरी यायचं नाही, असा तिथला नियम. दिवाळीतही तो आला नाही. दर रविवारी पाच मिनिटं फोन. पाचही मिनिटं मी बोलायची आणि तो 'हं' म्हणायचा. ते 'हं' ऐकून ऐकून माझी झोप उडाली होती.

कसारा घाट उतरून शहापूरला पोचले, तिथून सरळगावकडे जाणारी जीप मिळाली. मिळाली म्हणजे काय, सापगावला सीटा भरेपर्यंत अर्धा तास उभीच राहिली. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "वैशाखऱ्याला काय काम काढलाय, ताई?"

"मुलगा वेदपाठशाळेत आहे."

"किती वरसं शिकनार?"

"आठ."

"आठ वरसं! मंग नोकरी?"

मी पुन्हा घड्याळ बघितलं. हाच प्रश्न मी ह्यांना शंभरदा विचारला होता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातकापणी झाली होती. कापलेलं भात खाचरांतून (भाताच्या वाफ्यांतून) आडवं पसरलेलं, आणि वर आभाळ काळवंडत चाललेलं. जीपमधली सगळी माणसं खिडकीतून आभाळाकडेच बघत होती. सरळगावला गाडी बदलली, वैशाखऱ्याच्या अलीकडे उतरले आणि पाऊलवाटेनं पंधरा मिनिटं चालले.

पाठशाळा म्हणजे पत्र्याच्या दोन शेड, सारवलेली लांब ओसरी आणि छपरावर सोलरच्या पाट्या. भिंतीवरच्या फळ्यावर अपूर्णांकांची गणितं होती, ती बघून जरा धीर आला. चौदा मुलं जेवायला बसली होती. भात, कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी. केदार रांगेत तिसरा. वाळला होता. त्यानं मला बघितलं, हसला आणि पुन्हा ताटात बघू लागला.

"केदार!" मी हाक मारली.

वाढणाऱ्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. जवळच्या ठाकरवाडीतल्या हिरूबाई, इथला स्वयंपाक त्याच करतात. "जेवताना कोनी बोलत नाय, ताय. मौन असताय," त्या कुजबुजल्या. नियम कळला, पण हा नियमामुळे गप्प होता, की आता गप्पच राहणार होता?

जेवणानंतर मुलं भांडी घासायला गेली आणि गुरुजी ओसरीवर आले. चाळिशीचे, शांत. मी पाणी प्यायच्या आधीच विचारलं, "हा अडखळला की तुम्ही काय करता?"

"काही नाही. थांबतो."

"पुढचा शब्द सांगत नाही?"

"मी सांगितला तर तो त्याचा कसा होईल, ताई?"

मला राग आला. सांगणं सोपं असतं. म्हटलं, "मला त्याला म्हणताना ऐकायचंय. बायकांनी ऐकलेलं चालतं ना तुमच्याकडे?"

ते हसले. "इथं बसून ऐका. दोन वाजता संथा आहे." संथा म्हणजे गुरूनं एकदा म्हणायचं आणि शिष्यानं दोनदा. मी मनाशी ठरवून टाकलं, नीट म्हणाला तर राहू दे, अडखळला तर अर्ज भरायचा.

दोन वाजता केदार गुरुजींसमोर मांडी घालून बसला. उजवा हात गुडघ्यावर, स्वराबरोबर वरखाली करायला तयार. गुरुजींनी एक ओळ म्हटली. केदारनं श्वास घेतला, आणि माळशेजच्या बाजूनं ढग गडगडले.

गुरुजींनी हात जोडले. मुलं उठली.

"काय झालं?"

"अनध्याय." म्हणजे पाठ बंद. "पावसाळ्यात गडगडलं तर तेवढ्यापुरतं थांबतो. अवकाळी गडगडलं की उद्या याच वेळेपर्यंत वेद म्हणायचा नाही."

"अहो, मी नाशिकहून आलेय!"

"हो. पण ढगांना ते कुठं ठाऊक?"

मला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात हिरूबाई पदर खोचत बाहेर धावल्या. "गुर्जी, माजा भात उघड्यावर हाय! मी जाते!"

"मुलं येतायत," गुरुजी म्हणाले. पंचे खोचून सगळी मुलं त्यांच्यामागे पळाली. मी काय करणार? पिशवी खांद्याला अडकवली, ओढणी कमरेला बांधली आणि मीही निघाले.

खाचरात नुसती धावपळ. मोठी मुलं भारे बांधत होती, छोटी ते उचलून बांधावरच्या ताडपत्रीकडे नेत होती. मीही एक भारा उचलला. समोरून केदार ओरडला, "आ... आई! भा... भारा लो... लों..."

"लोंबतोय? भारा लोंबतोय?" मी सवयीनं म्हणाले.

"थांब गो ताय," डोक्यावर भारा घेतलेल्या हिरूबाई म्हणाल्या. "बोलू दे त्याला. आमाला नाय घाई."

घाई नाही! वर्षभराचं भात उघड्यावर, थेंब पडायला लागलेले, आणि ही बाई थांबली होती. मुलंही थांबली. कुणी हसलं नाही. केदारनं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"आ... आई, भा... भारा लों... लोंब्यांकडून नको ध... धरू. दा... दाणे गळतात. बं... बंधाला धर."

मी बंधाला धरलं. दोन वर्षांत त्याच्या तोंडून इतकं मोठं वाक्य मी ऐकलं नव्हतं. तोंडावर पाऊस होता म्हणून बरं, माझे डोळे कुणाला दिसले नाहीत.

निम्मं भात वाचलं, निम्मं भिजलं. हिरूबाई भिजलेल्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग आम्हाला चहा करायला गेल्या. ओसरीवर मी लाडवांचा डबा केदारच्या हाती दिला आणि त्याला जवळ घेऊन विचारलं, "घरी येतोस?"

त्याला खूप वेळ लागला. मी खालचा ओठ दातांत घट्ट धरून बसले होते.

"मा... माझा पा... पाठ राहिलाय."

परतताना सरळगावहून तीच जीप मिळाली. "आयकलात मंत्र?" ड्रायव्हरनं विचारलं. नाही म्हटलं. "मंग फुकटच फेरी झाली तुमची," तो हळहळला. आठ वर्षांनी काय, ही काळजी माझ्याबरोबरच घाट चढून नाशिकला आली. अर्ज मात्र पिशवीतच भिजून त्याचा लगदा झाला होता. सोमवारी मुख्याध्यापिकांना फोन करून जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, केदारचा फोन आला. मी "बोल" एवढंच म्हटलं आणि गप्प राहिले. तो शुक्रवारची हकिकत सांगू लागला, ढग गडगडल्यापासून. पाच मिनिटं संपली तेव्हा आम्ही अजून हिरूबाईंच्या खाचरापर्यंतही पोचलो नव्हतो.