दारापाशची खुर्ची

कुठल्याही इमारतीत पाऊल टाकलं, की सर आधी दारावरच्या माणसाला गाठायचे. "पावणं, संडास कुठं हाय हितं?" उत्तर मिळालं की दाराजवळची खुर्ची धरायचे. मग लग्न असो की सभा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल आणि तुम्हीही हसला असाल. आम्ही तर त्यांच्या पाठीमागे पोट धरून हसायचो.

सर हातकणंगल्याकडच्या जैन शेतकरी घरातले. कोल्हापुरात आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. मी त्यांचा प्रयोगशाळा सहायक. दोन हजार सालानंतर त्यांनी एक काम हाती घेतलं. आतड्यातल्या जंतूंच्या शेपटीत एक प्रथिन असतं. ज्यांच्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज आहे, त्यांचं रक्त या प्रथिनावर किती चवताळतं ते तपासायचं. माझ्या डोक्यात काही शिरेना, तेव्हा त्यांनी सांगितलं, "जंतू पावणं हायत. खाऊन-पिऊन गुमान बसल्यात. पण राखणदार त्यांची शेपटी बघून चोर चोर म्हणतोय, आन् मार बसतोय घराच्या भिंतीला."

नमुन्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. रक्त जितकं चवताळलेलं तितका पिवळा रंग गडद. सात नंबर दर वेळी सगळ्यांत पिवळा. कोण हा बिचारा, मी विचारलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "हाय एक दारापाशी बसणारा."

त्यानंतर मी कधी हसलो नाही. माझी मलाच लाज वाटली.

पुढे या कामावर मोठ्या सभागृहात बोलायचं आमंत्रण आलं. सरांनी दोनदा नकार दिला. मनातून त्यांना जायचंच होतं. पण व्यासपीठ एका टोकाला आणि दार दुसऱ्या. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा मीच जाऊन सभागृह बघून आलो. पडद्यामागे एक कुलूपबंद दार सापडलं, पलीकडेच संडास. शिपायाला चहा पाजून किल्ली मिळवली आणि सरांसमोर ठेवली. भाषणाच्या दिवशी दार उघडून मी शेजारी उभा राहिलो. सर पाऊण तास बोलले, तिकडे एकदाही वळले नाहीत.

खाली उतरल्यावर म्हणाले, "दार उघडं हाय म्हटल्यावर गरजच पडली न्हाय, गड्या."

निवृत्तीला दोन वर्षं असताना सर गेले, हृदयविकारानं. शोकसभा त्याच सभागृहात होती. फोटो व्यासपीठावर मधोमध ठेवला होता, दारापासून लांब. लोक जमायच्या आत मी पडद्यामागे गेलो, कुलूप काढलं, दार उघडलं आणि मग खाली येऊन बसलो.